'जाहिरात न येणाऱ्या जागा' सांगून ५१,२०० रुपये नेले : सांगली-मिरजेतल्या पालकांनी वाचावं

रजिस्ट्रेशन १,५००. 'फाईल पुढं सरकवायला' ८,५००. मेडिकल आणि युनिफॉर्म ६,२००. 'परत मिळणारं' डिपॉझिट ३५,०००. एकूण ५१,२०० रुपये. आकडे मुद्दाम आधी लिहिले. तुमच्याकडे कुणी अशाच टप्प्याटप्प्याने मागत असेल, तर आजचा हप्ता थांबवा आणि मग पुढचं वाचा.

आम्ही तासगाव तालुक्यातले द्राक्षवाले. पोरगं मेकॅनिकल डिप्लोमा करून घरी बसलेलं. ऑनलाइन अर्ज करून करून कंटाळलं, कुठून साधा फोन येत नव्हता. अशात सांगलीच्या विश्रामबागेत भाड्याची खोली घेऊन बसलेला एकजण भेटला. "काका, कुपवाड एमआयडीसीतल्या निम्म्या जागा पेपरात येतच नाहीत. आत जागा झाली की एचआर आधी मला फोन करतो."

लोक आता मला शहाणपण शिकवतात, "विश्वास ठेवलाच कसा?" ठेवला, कारण त्यातलं अर्धं खरं आहे. माझा मेहुणा फाउंड्रीत असाच लागला. शिफ्टला माणूस कमी पडतोय असं तिथल्या सुपरवायझरने सांगितलं, दुसऱ्या दिवशी हा गेटवर गेला, ट्रायल दिली आणि कामाला लागला. फिटर, टर्नर, व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) ऑपरेटर, बरीच भरती अशी तोंडीच होते. एमआयडीसीत ज्याचं कुणी आहे त्याला हे माहीत आहे. त्या माणसाने आमच्या माहितीतलीच गोष्ट आम्हाला विकली.

पण मेहुण्याला सांगणारा त्याच शॉपमध्ये कामाला होता आणि त्याने चहासुद्धा घेतला नाही. आमचा हा 'साहेब' कुठल्याच कारखान्याच्या गेटातून आत जाताना आम्ही कधी बघितला नाही.

पहिले १,५०० भरताना क्यूआर स्कॅन केला, तर मोबाईलवर ऑफिसचं नाव नाही, भलत्याच बाईचं नाव. पोराने माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, नाही असं नाही. "आमच्या मॅडमचं खातं आहे काका, ऑफिसचं खातं जीएसटीच्या कामात अडकलंय." आमच्या गावात बायकोच्या नावाचा क्यूआर लावलेली किती तरी दुकानं आहेत. मग मी वेगळं काय समजायचं? तरी रात्री झोप लागत नाही तेव्हा ते नावच डोळ्यासमोर येतं. तिथं उठून आलो असतो तर १,५०० सुद्धा गेले नसते.

त्याहून वाईट म्हणजे त्याने घातलेली अट. "जागा एकच आहे. बाहेर बोललात तर दुसरा कुणी नेईल, मग मला सांगू नका." म्हणून मेहुण्यालासुद्धा बोललो नाही. तो त्याच एमआयडीसीत आहे! एका फोनवर सगळं बाहेर पडलं असतं. कुणाला सांगू नका म्हणणाऱ्याला त्याच दिवशी चार जणांत उघडा पाडा. खरी जागा असेल तर चौकशी केल्याने ती पळून जात नाही.

मुलाखत नाही, ट्रायल नाही, थेट ऑफर लेटर आलं. कंपनीचं नाव छापलेलं, पण मेल साध्या जीमेलवरून. डिपॉझिट त्याने रोख मागितलं. बेदाण्याच्या सौद्याचे आलेले पैसे होते, तेच उचलून दिले. पावती 'जॉइनिंगला मिळेल'.

जॉइनिंगच्या दिवशी वॉचमनने लेटर बघून सांगितलं, असलं लेटर घेऊन याआधीही पोरं आली होती. आतून एचआरवाले आले, चांगलं बोलले. जागा खरंच झाली होती म्हणाले. आतल्याच एका कामगाराच्या भाच्याला घेतली. फुकट.

मग सुरू झाली सरकारी फरफट. ठाण्यात ऐकवलं, "पैसे तुम्हीच हाताने दिलेत, हा दिवाणी मामला." खोटं लेटर देऊन पैसे उकळणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ फसवणुकीचंच आहे. तिथून सायबरला पाठवलं. सायबरवाले म्हणाले, माणसाने समोर बसून फसवलंय, ठाण्यात जा. ठाण्यात परत गेलो तर साहेब बंदोबस्ताला. बँकेत गेलो तर म्हणे व्यवहार तुमच्याच पिनने झालाय. एका कार्यालयात तर कारकून बाकीच्यांसमोर हसला, "शिकलेलं पोरगं घरात असून फसलात?" चोर मोबाईल बंद करून मोकळा आणि चौकशी माझ्या अकलेची! एफआयआर नाही. साध्या अर्जावर पोचेचा शिक्का मिळवायलासुद्धा भांडावं लागलं.

यूपीआयने पैसे गेले असतील तर कळल्या क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यात जातात. आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. ठाण्याने 'आमची हद्द नाही' म्हटलं तर ऐकू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) खबर कुठल्याही हद्दीतली असली तरी द्यायची सोय आहे. नोंदच घेतली नाही तर तक्रार लिहून पोस्टाने एसपींना (जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना) पाठवायची, तिथंही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे. आम्ही रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे. हे सगळं एका वकिलाने सांगितलं, ठाण्यात कुणी सांगितलं नाही.

त्याच खोलीत आमच्यासमोर एका मुलीला जिल्हा परिषदेत 'बिनजाहिरातीची परमनंट जागा' सांगत होता. ती मुलगी हे वाचत असेल तर ऐका : सरकारी कायम जागा अशी मागच्या दाराने भरता येत नाही. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्येच उमादेवी खटल्यात ते स्पष्ट केलंय. पैसे दिले असतील तर लाजू नका, तुमचाही अर्ज द्या. माझा एकट्याचा कागद ते फाईलखाली दाबून ठेवतायत.

विश्रामबागेतली खोली आता रिकामी आहे. पण परवा मिरजेच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शब्दाला शब्द तोच मेसेज आला, नंबर फक्त नवा. रजिस्ट्रेशन आता १,८०० केलंय.