बातम्या खऱ्या होत्या, ऑर्डर खोटी होती

२०२४ मध्ये भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती. त्या रात्री साडेनऊच्या सुमारास बारावीतल्या एका मुलीने मला १,७०० रुपये पाठवले. सोबत मेसेज, "ताई, ओवाळणीचे आलेत. माझी एक कॉपी नक्की धरा हं." मी त्यात बाकीच्यांचे पैसे मिळवले आणि एका कोरियन अल्बमच्या ११ कॉप्यांचे १८,७०० रुपये पुढे पाठवून दिले. ते अल्बम आजपर्यंत आलेले नाहीत आणि येणारही नाहीत.

हे मी आत्ता, ऑगस्ट २०२५ मध्ये लिहितेय, कारण तीच माणसं पुन्हा पैसे गोळा करायला लागली आहेत असं मला दिसतंय. त्यामुळे लाज बाजूला ठेवून सगळं सविस्तर सांगते.

मी अप्पा बळवंत चौकाजवळ एका प्रेसमध्ये मुद्रितशोधनाचं काम करते. वय ४१. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये भाचीमुळे बीटीएस, म्हणजे सात कोरियन गायकांचा गट, ऐकायला लागले आणि मग त्यातच रमले. पुण्यात आमचा एक छोटासा कंपू आहे. सदस्यांच्या वाढदिवसाला फर्ग्युसन रस्त्याजवळच्या एखाद्या कॅफेत जमतो, अल्बमसोबत येणाऱ्या सदस्यांच्या छोट्या छायाचित्रांची, म्हणजे फोटोकार्डांची, अदलाबदल करतो. बहुतेक मुली कॉलेजातल्या, मी सगळ्यांत मोठी, म्हणून मला सगळ्या ताई म्हणतात. गाणी फोनवर फुकटात ऐकता येत असताना अल्बम कशाला विकत घ्यायचा, असं घरातले विचारतात. मी छपाईच्या धंद्यात आयुष्य काढलंय. त्या फोटोबुकचा कागद, त्याचं बाइंडिंग, पान उलटताना येणारा शाईचा वास, हे मला हातात हवं असतं. शिवाय आत कोणतं फोटोकार्ड निघेल हे पेटी उघडेपर्यंत कुणालाच माहीत नसतं, आणि मुलींचा अर्धा जीव त्यात अडकलेला असतो.

कोरियातून एकटीने एक अल्बम मागवला तर टपालखर्च त्याच्या किमतीला जाऊन भिडतो. त्यामुळे ग्रुप ऑर्डर निघते. एक जण तीस-चाळीस कॉप्या एकत्र मागवतो आणि खर्च सगळ्यांत वाटला जातो. पैसे दोन हप्त्यांत द्यायचे असतात. आधी अल्बमची किंमत, आणि पेटी निघाली की टपाल, कस्टम ड्युटी आणि इथल्या कुरियरचे. ही पद्धत सगळीकडे हीच आहे, प्रामाणिकपणे ऑर्डर काढणारेही अशीच काढतात. म्हणून दुसऱ्यांदा पैसे मागितले तर कुणालाच काही वाटत नाही.

आम्हाला फसवणारीचं एक चॅनेल होतं. ती स्वतः मुंबईची म्हणायची, वयाने माझ्यापेक्षा लहान, व्हॉइस मेसेजमध्ये गोड मराठी. चॅनेलवर दिवसभर बातम्या यायच्या. कोणाचा अल्बम कधी, प्री-ऑर्डर किती वाजता उघडणार, कोणत्या दुकानात कोणतं जास्तीचं फोटोकार्ड मिळणार. १२ जून २०२४ ला बीटीएसमधला जिन सक्तीच्या लष्करी सेवेतून परत आला तेव्हा आणि १७ ऑक्टोबरला जे-होप आला तेव्हा, दोन्ही वेळी मला पहिली बातमी तिथेच दिसली. एकही बातमी कधी चुकीची निघाली नाही. रोज खरं बोलणारी बाई पैशांच्या बाबतीतही खरीच असणार, असं मी धरून चालले. आता कळतं की बीटीएसची कंपनी या सगळ्या सूचना वीव्हर्स या चाहत्यांच्या ॲपवर कोरियन, इंग्रजी आणि जपानीत स्वतःच देते. त्या वाचून मराठीत टाकायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

पहिल्या दोन ऑर्डरी तिने चोख पार पाडल्या, हेही सांगायला हवं. मे २०२४ मध्ये बीटीएसमधल्याच आरएमचा 'राइट प्लेस, राँग पर्सन' आला तेव्हा मी एकच कॉपी घेतली. जुलैत जिमिनच्या 'म्यूज'च्या आम्ही मिळून चार घेतल्या. दोन्ही वेळा अल्बम वेळेत आले, कोपरेसुद्धा दुमडलेले नव्हते. त्या मुलींना मीच सांगितलं, "खात्रीची आहे, मी दोनदा मागवलंय." आज ते वाक्य आठवलं की पोटात कालवतं. पाच अल्बम खरे पोहोचवून तिने माझ्याकडून ती खात्री विकत घेतली होती आणि पुढचे पैसे माझ्या शब्दावर जमले.

ऑक्टोबरात जिनचा पहिला सोलो अल्बम 'हॅपी' जाहीर झाला, १५ नोव्हेंबरची तारीख. लगेच तिची ग्रुप ऑर्डर निघाली, किंमत बाजारापेक्षा शंभरेक रुपयांनी कमी. खूप स्वस्त दिली असती तर मी थबकले असते. मग घाई सुरू झाली. पहिल्या आठवड्यात किती कॉप्या खपल्या हा आकडा चाहत्यांना जिवापाड महत्त्वाचा असतो. हानतो या कोरियातल्या विक्रीच्या चार्टवर तो मोजला जातो आणि चार्टशी जोडलेल्या दुकानांतून झालेली विक्रीच त्यात धरतात. "आज रात्री बारापर्यंत पैसे नाही आले तर तुमच्या कॉप्या जिनच्या पहिल्या आठवड्यात मोजल्या जाणार नाहीत," असा तिचा मेसेज ३ तारखेला दुपारी आला. चार्टचा नियम खरा, मुदत मात्र तिने ठरवलेली.

पैसे पाठवायच्या आधी यूपीआयच्या स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं. आधीच्या दोन्ही वेळी तिथे तिचंच नाव होतं. या वेळी एका परक्या पुरुषाचं नाव आलं. मी विचारलं तर म्हणाली, "ताई, माझी आजची लिमिट संपली, हे भावाचं खातं." आडनाव वेगळं होतं. प्रेसमध्ये एखाद्या लेखकाच्या आडनावातली वेलांटी चुकली तर मी अख्खा फर्मा थांबवते. त्या रात्री अख्खं आडनाव चुकीचं समोर असताना मी पिन टाकला, कारण बारा वाजायला वीस मिनिटं होती.

नोव्हेंबरच्या शेवटी दुसरा हप्ता मागितला, कॉपीमागे ६५० रुपये. ११ कॉप्यांचे ७,१५० गेले. १२ डिसेंबरला पेटीचा फोटो आला, त्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी, आणि टपालाची पावती. सगळ्या मुलींनी हृदयं पाठवली. १४ तारखेला, शनिवारी, तिचा फोनच आला. पेटी कस्टम्समध्ये अडकली आहे, ६,००० रुपये डिपॉझिट भरावं लागेल, सुटल्यावर परत मिळेल, आज नाही भरलं तर पेटी परत कोरियाला जाईल. मुलींकडे पुन्हा मागायला जीव होईना. मी माझेच पाठवले. खातं आता तिसऱ्याच नावाचं.

त्या रात्री झोप लागली नाही. ती पावती मी कॉम्प्युटरवर मोठी करून घेतली आणि प्रूफ वाचतात तशी अक्षर-अक्षर वाचली. पार्सलचा माग काढण्याच्या नंबराची एक ठरलेली आंतरराष्ट्रीय रचना असते. आधी दोन रोमन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी दोन अक्षरं, आणि ही शेवटची दोन अक्षरं ज्या देशातून पार्सल निघालं त्या देशाची. कोरियाच्या टपालाने निघालेल्या पार्सलच्या शेवटी केआर असायला हवं. आमच्या नंबराच्या शेवटी आयएन होतं, आणि मधले आकडे आठच होते. वजनाच्या रकान्यात ४ किलो २०० ग्रॅम. तिच्या म्हणण्यानुसार पेटीत ३८ अल्बम होते. एकेक अल्बम पाव किलोचा धरला तरी साडेनऊ किलो होतात.

मग मी जुलैतल्या ऑर्डरचा फोटो उघडून शेजारी ठेवला. तीच पेटी. उजव्या खालच्या कोपऱ्यावर निळ्या शाईचा, थेंब पसरल्यासारखा डाग, दोन्ही फोटोंत तोच. चिकटपट्टीची वर आलेली सुरकुतीसुद्धा तीच. फक्त चिठ्ठी नवी होती.

रविवारी सकाळी सात वाजता १९३० ला फोन केला. सायबर फसवणुकीसाठी हा देशभराचा नंबर आहे. त्यांनी रक्कम, वेळ आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर विचारला. मग सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार भरली आणि बँकेलाही लेखी कळवलं. आपण जितक्या लवकर कळवू तितके पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येतात. माझे नोव्हेंबरचे दोन्ही हप्ते केव्हाच निघून गेले होते. आदल्या दिवशीच्या ६,००० पैकी २,३०० अडवले गेले आहेत, ते अजून हातात आलेले नाहीत. पहिला हप्ता गेला त्याच रात्री त्या परक्या नावावरून मी शंका घेतली असती तर, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

मुलींना सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. संभाजी उद्यानात सगळ्यांना बोलावलं आणि दोन्ही फोटो समोर ठेवले. कुणी मला एका शब्दाने बोललं नाही. बारावीतली ती मुलगी बराच वेळ निळ्या डागाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आईला नका ना सांगू." मी तिच्या आईला त्याच संध्याकाळी भेटले. पैसे माझ्या शब्दावर गेले होते, सांगायचं कामही माझंच होतं. आई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही आलात हे बरं केलंत. नाहीतर ती महिनोन्‌महिने मनातच ठेवून बसली असती." बाकीच्यांच्या आठ कॉप्यांचे १८,८०० मी चार महिन्यांत फेडले. माझे धरून एकूण ३१,८५० रुपये गेले.

त्या ऑर्डरीत आमच्याखेरीज आणखी पुष्कळ जण होते. मी चॅनेलवरच्या जमेल तितक्यांना मेसेज केले. काहींनी सांगितलं, घरी कळलं तर फोन काढून घेतील. एकीने सांगितलं की दोन हजारांसाठी पोलिसांत कोण जातं. आठवड्याभरात चॅनेलच नाहीसं झालं. रक्कम लहान असली की माणूस गप्प बसतो, आणि वयाने लहान मुलं तर बसतातच. हा धंदा त्या गप्प बसण्यावर चाललाय. मुलांनो, घरच्यांना सांगा. आणि घरच्यांनो, 'तुला कोरियाचं खूळ कुणी सांगितलं होतं' हे वाक्य त्या दिवशी तरी तोंडातून काढू नका.

कस्टम्सबद्दल एक गोष्ट मला तेव्हा नीट माहीत नव्हती. परदेशातून भेट म्हणून आलेल्या वस्तूंना ५,००० रुपयांपर्यंत जी सूट होती ती डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली, त्यामुळे ड्युटी लागते हे खरं. पण पोस्टाने आलेल्या पार्सलची ड्युटी कागदावर लिहून येते आणि पार्सल घेताना पोस्टातच भरायची असते. खाजगी कुरियरने आलं तर त्या कंपनीचं बिल येतं. कुणाच्या भावाच्या यूपीआयवर सरकारची ड्युटी जमा होत नाही, आणि असं परत मिळणारं डिपॉझिटही नसतं. ग्रुप ऑर्डर काढणाऱ्याने ड्युटीचे पैसे मागितले तर तो कागद मागा. दुकानाची ऑर्डर झाल्याची मेलही मागा, तिच्यात कॉप्यांचा आकडा असतो. प्रामाणिक माणूस न चिडता दाखवतो. आता आम्ही ओळखीच्याच एकीकडून मागवतो, ती न विचारता पाठवते. मे महिन्यात जिनचा 'एको' तसाच मागवला आणि बारावीच्या परीक्षेतून मोकळी झालेली ती मुलगी तो न्यायला माझ्या घरी आली होती.

आता मुख्य गोष्ट. २१ जूनला सुगाची सक्तीची सेवा संपली आणि बीटीएसचे सातही जण मोकळे झाले. १ जुलैला सगळ्यांनी एकत्र लाइव्ह येऊन सांगितलं की २०२६ च्या वसंतात नवा अल्बम येणार. इतक्या वर्षांनी सगळ्यांचा मिळून. आम्ही सगळ्या रडलो. ऑगस्ट २०२५ मध्ये हे लिहीपर्यंत कंपनीने त्याचं नाव, नक्की तारीख, किंमत, काहीही जाहीर केलेलं नव्हतं. प्री-ऑर्डर नावाची गोष्टच तेव्हा अस्तित्वात नव्हती.

तरी गेल्या आठवड्यात भाचीला एका नव्या चॅनेलवरून मेसेज आला. चॅनेलचं नाव वेगळं, बातम्या सगळ्या खऱ्या, भाषा तीच गोड. नव्या अल्बमसाठी 'स्लॉट' राखायला प्रत्येकी ५०० रुपये मागितलेत आणि विश्वास बसावा म्हणून जुन्या ऑर्डरीचा फोटो जोडलाय. मी तो मोठा करून बघितला आणि १९३० ला त्याची माहिती दिली. तुमच्याकडे असा फोटो आला असेल तर पेटीचा उजवा खालचा कोपरा बघा. निळा डाग आहे. पैसे पाठवले असतील तर चॅनेलवर भांडत बसू नका, ती लगेच काढून टाकते. आधी सगळ्या मेसेजचे स्क्रीनशॉट घ्या, यूटीआर लिहून ठेवा आणि आजच फोन करा. २०२४ च्या त्या ऑर्डरीत तुम्हीही होतात तर तुमची स्वतंत्र तक्रार नोंदवा. माझ्याकडे तिन्ही खात्यांची नावं आणि दोन्ही फोटो जपून ठेवलेले आहेत.