बार्बीची बेसी कोलमन बाहुली: वर्षभर वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आम्ही शिकागोच्या बाहेर सबर्बमध्ये राहतो. भारतातून कुणी आलं की ओ'हेअरला आणायला जावं लागतं आणि तिथे एअरपोर्टच्या रस्त्यांवर 'बेसी कोलमन ड्राइव्ह' अशी पाटी लागते. इतकी वर्षं त्या पाटीखालून गाडी नेली पण कधी विचार केला नाही, शेवटी लेकीला नीट वाचता यायला लागलं तेव्हा तिनेच मागच्या सीटवरून विचारलं, "आई, बेसी कोण?" घरी येऊन शोधलं तर ही शंभर वर्षांपूर्वीची काळी अमेरिकन पायलट निघाली, वाचत बसले आणि वाचता वाचता कळलं की बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीने २०२३ मध्ये इन्स्पायरिंग वुमन सिरीजमध्ये हिची बार्बी काढलीये. लगेच ऑर्डर केली.

आधी पॅकिंगचं सांगते. ज्या ऑनलाइन सेलरकडून घेतली त्याने बॉक्स नुसत्या पिशवीत टाकून पाठवला, त्यामुळे एक कोपरा चेपून आला. आम्हाला खेळायलाच हवी होती म्हणून चाललं, पण कलेक्शनसाठी घेणाऱ्यांनी दुकानात जाऊन बघून घ्या. आत बाहुली, तिचा स्टँड आणि एक सर्टिफिकेट येतं.

बाहुली छान आहे, मनापासून सांगते. गर्द हिरवा पायलटचा सूट, लेसवाले उंच बूट आणि टोपीवर तिच्या नावाची दोन अक्षरं, बी आणि सी. माझी आई तेव्हा यवतमाळहून आलेली होती. तिने आयुष्यभर घरी शिवणकाम केलंय, त्यामुळे तिने हातात घेतल्या घेतल्या आधी सूटची शिवण बघितली, मग कॉलर बघितली आणि म्हणाली, "एवढ्याशा कापडावर एवढं सरळ शिवणं सोपं नाही गं." आईकडून हे मिळणं म्हणजे फार झालं.

पण लेकीने पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच. "विमान कुठंय?"

विमान नाहीये. बॉक्समध्ये नुसती बेसी येते. लेक हिरमुसली, मलाही जरा खटकलं, पण तिला समजावायला म्हणून मी बेसीची गोष्ट सांगायला घेतली तेव्हा लक्षात आलं की तिच्या आयुष्यातला निम्मा झगडा विमान मिळवायचाच होता.

तिचा जन्म १८९२ चा, टेक्सासमधल्या अटलांटा गावातला, १३ भावंडं. पुढे वॅक्साहॅची गावात वाढली आणि कापसाच्या हंगामात शाळा बंद करून सगळी पोरं वेचणीला. वेचणी म्हटल्याबरोबर आईने हातातली वाटी खाली ठेवली. ती स्वतः लहानपणी वेचणीला गेलेली आहे, तिने नातीचं बोट धरून दाखवलं की बोंड वाळलं की त्याची टोकं कशी होतात आणि ती नखाच्या कडेला कशी टोचतात, संध्याकाळी भाकरी मोडतानासुद्धा कशी आग व्हायची. लेक गप्प ऐकत होती. मी तर हे आईच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. आणि त्याच बोटांची बेसी विशीत शिकागोला आली आणि एका सलूनमध्ये मॅनिक्युअर करायला लागली, म्हणजे दुसऱ्यांची नखं नीट करायला.

तिचे भाऊ पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आलेले, त्यातला जॉन तिला चिडवायचा की तिकडच्या बायका विमानं उडवतात, तुला काय जमणार. तिने ते मनावरच घेतलं. अमेरिकेत काळ्या बाईला कुणी शिकवायला तयार नव्हतं, तेव्हा 'शिकागो डिफेंडर' पेपरचे मालक रॉबर्ट अ‍ॅबट तिला म्हणाले की फ्रान्सलाच जा, मग ती नोकरी करता करता फ्रेंच शिकली, पैसे जमवले आणि नोव्हेंबर १९२० मध्ये बोटीने निघाली. ल क्रोतुआ गावात कोद्रों बंधूंची फ्लाइंग स्कूल होती तिथे न्यूपोर्ट जातीच्या दोन पंखी विमानावर शिकली. शिकताना बरोबरचा एक विद्यार्थी अपघातात गेला, ते तिने डोळ्यांनी पाहिलं, तरी कोर्स सोडला नाही. १५ जून १९२१ ला लायसन्स हातात. आफ्रिकन अमेरिकन आणि नेटिव्ह अमेरिकन बायकांमध्ये ही पहिली.

परत आल्यावर विमान मात्र कुठलं? १९२२ पासून एअर शो करायला लागली तेव्हाही विमान दुसऱ्याचंच असायचं. कसंबसं कर्टिस जेनी जातीचं एक जुनं विमान घेतलं, ते १९२३ मध्ये कॅलिफोर्नियात टेकऑफ झाल्या झाल्या कोसळलं, पाय मोडला, बरगड्या मोडल्या. तिने तारेने कळवलं की चालता यायला लागलं की परत उडणार. आणि उडाली. तिला काळ्या मुलामुलींसाठी स्वतःची फ्लाइंग स्कूल काढायची होती, शोचे पैसे त्यासाठीच साठवत होती. वॅक्साहॅचीत शो ठरला तेव्हा गोऱ्यांना वेगळं गेट आणि काळ्यांना वेगळं असं होतं, ती म्हणाली एकच गेट ठेवा नाहीतर मी उडत नाही, आणि गेट एकच झालं. आत बसायची जागा वेगळीच राहिली, पण गेट एक. ही गोष्ट लेकीला इतकी आवडली की बाहुलीच्या खेळात आता कायम एक गेट असतं, दोन पेन्सिली उभ्या करून.

शेवट तिला सांगावा की नाही यावर माझी आणि नवऱ्याची चर्चा झाली. सांगितला, पण थोडक्यात. ३० एप्रिल १९२६, जॅक्सनव्हिल, फ्लोरिडा. विमान परत जुनं जेनीच, मेकॅनिक विल्यम विल्सने डॅलसहून आणलेलं, वाटेतही त्याने त्रास दिलेला. दुसऱ्या दिवशी पॅराशूटची उडी होती, खालची जागा वाकून बघता यावी म्हणून तिने पट्टा लावला नव्हता. विमान विल्स चालवत होता. यंत्रात एक पाना अडकला, विमान उलटं झालं आणि ती बाहेर फेकली गेली. विल्सही वाचला नाही. ती ३४ वर्षांची होती, फ्लाइंग स्कूल राहूनच गेली. लेक म्हणाली, "चांगलं विमान असतं तर?" मी काय सांगणार, तिला जवळ घेतलं.

तर घ्यावी का? माझ्या मते नक्की घ्यावी, सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलीला किंवा मुलालाही, पण नुसता बॉक्स हातात देऊ नका. बॉक्सवर माहिती आहे ती अगदीच थोडी, त्यात वेचणी नाही की गेट नाही, ते तुम्हालाच बसून सांगावं लागेल. जमलं तर २०२३ चा बेसीचा क्वार्टरही (अमेरिकेतलं २५ सेंटचं नाणं) मिळवा, त्यावर ती उडायच्या तयारीत दिसते आणि ६.१५.१९२१ ही लायसन्सची तारीख कोरलीये. आमच्याकडे तो सुट्या पैशांत आला.

विमान आईने केलं, जायच्या आदल्या आठवड्यात, बाहुलीच्याच चेपलेल्या बॉक्सच्या पुठ्ठ्याचं. वर-खाली दोन पंख, मधे झाडूच्या काड्या, आणि बसायच्या जागी ब्लाऊजच्या हुकाचा पट्टा. लेक बेसीला बसवते आणि आधी तो हुक लावते.