तेरा महिन्यांच्या वर्षाची भिंतीवरची दिनदर्शिका: सांगलीत छापलेले २०२६

दिनदर्शिका विकत घ्यायची की फुकट मिळवायची, याबाबत सांगलीत पूर्वापार दोन पक्ष आहेत. हळदीची अडत, पतसंस्था, सराफ, कृषी सेवा केंद्र, दूध संकलन केंद्र अशा सगळीकडून डिसेंबरात गुंडाळ्या घरी येऊ लागल्या की फुकटवाल्यांचे बळ वाढते. पण स्वयंपाकघराच्या भिंतीवर वर्षभर टिकते ती बहुधा विकत आणलेलीच. येथे जिचे परीक्षण करायचे आहे ती दिनदर्शिका दोन्ही पक्षांना चालते. गावातल्याच एका छापखान्यातून निघालेली २०२६ ची ही मोठी दिनदर्शिका हरभट रोड आणि गणपती पेठेतल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानांत ६० रुपयांना मिळते, आणि खालच्या कोऱ्या पट्टीवर व्यापाऱ्याचे नाव छापून शेकड्याच्या भावानेही दिली जाते. एकाच दिनदर्शिकेवर चार घरी चार नावे दिसत असल्यामुळे नावापेक्षा खूण सांगणे बरे: प्रत्येक पानाच्या मागे ‘सांगली’ अशा ठळक मथळ्याखाली सूर्योदय, सूर्यास्त आणि चंद्रोदयाचे कोष्टक असेल, तर ती हीच.

साध्या वर्षी कोणतीही दिनदर्शिका खपून जाते. २०२६ हे साधे वर्ष नाही. १७ मे ते १५ जून या काळात अधिक ज्येष्ठ आल्यामुळे शके १९४८, म्हणजे पराभवनाम संवत्सर, तेरा महिन्यांचे झाले आहे. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचे. दरसालची ही अकरा दिवसांची तूट साठत जाऊन सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी एका महिन्याएवढी होते, आणि ज्या चांद्र महिन्यात सूर्याचे एकही राशिसंक्रमण होत नाही तो महिना अधिक धरून ती भरून काढतात. मागचा अधिक महिना २०२३ मध्ये श्रावणात आला होता, पुढचा २०२९ मध्ये चैत्रात येईल. जुनी कॅलेंडरे माळ्यावर जपून ठेवण्याची ज्यांना खोड आहे त्यांनी २००७ चे काढून पाहावे. एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारखा जवळजवळ पुन्हा जुळत असल्यामुळे तेव्हाही अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असाच होता.

याचा व्यवहारातला परिणाम असा, की पाडवा अलीकडे आणि गणपती पलीकडे गेले आहेत. २०२५ मध्ये ३० मार्चला आलेला गुढीपाडवा २०२६ मध्ये १९ मार्चला आहे. उलट २७ ऑगस्टची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, ६ जुलैची आषाढी २५ जुलैला आणि २१ ऑक्टोबरचे लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला आले आहे. अशा वर्षी गेल्या सालाच्या अंदाजाने मंडप, आचारी किंवा मंगल कार्यालय ठरवणाऱ्याची पंचाईत होते. म्हणून ही दिनदर्शिका चांगली की वाईट, हे तिच्या मुखपृष्ठावरच्या गणपतीवरून न ठरवता मार्च, मे आणि जून या तीन पानांवरून ठरवावे, असे मला वाटते.

मार्चच्या पानाला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. १९ मार्चला सूर्योदयाच्या वेळी तिथी अमावास्याच आहे. ती सकाळी सातच्या आत संपते, मग प्रतिपदा लागते आणि दुसऱ्या दिवशीचा सूर्योदय होण्याआधीच तीही संपते. प्रतिपदेचा क्षय झाल्यामुळे पाडवा १९ तारखेलाच साजरा करायचा आहे. चौकटीत वर ‘अमावास्या’ आणि खाली तांबड्या अक्षरांत ‘गुढीपाडवा’ असे दोन्ही वाचून कोणीही गोंधळेल, हे ओळखून संपादकांनी चौकटीतच अमावास्या संपण्याची वेळ दिली आहे आणि पानाच्या तळाशी दोन ओळींत क्षयतिथीचा खुलासा केला आहे. अमावास्येला गुढी उभारायची का, हा प्रश्न ज्या घरांत आजी विचारणार आहेत त्या घरांत या दोन ओळींनी साठ रुपये वसूल होतील. पाडव्यापाठोपाठ येणाऱ्या रमजान ईदच्या पुढे ‘चंद्रदर्शनानुसार’ असे छापले आहे, हेही योग्यच.

मेचे पान त्याहून व्यवहारी आहे. आमच्या भागात मे म्हणजे लग्नांचा महिना, आणि १७ मेपासून महिनाभर मुहूर्त बंद. पानाच्या मागे दिलेल्या विवाह मुहूर्तांच्या यादीत ही सीमा जाड रेघ मारून दाखवली आहे. त्याच रेघेखाली धोंड्याच्या, म्हणजे अधिक, महिन्याचे टिपण आहे: जावयाला वाण कशाचे द्यावे, तेहतीस अनारशांचे दान कसे करावे, शुद्ध आणि वद्य अशा दोन्ही कमला एकादश्या केव्हा आहेत. त्याला लागूनच चांदीच्या निरांजनांची जाहिरात आली आहे, त्यावरून छापखान्यात पंचांगाइतकेच जावई जाणणारे कोणीतरी असावे.

जूनच्या पानावर मात्र हीच मंडळी कमी पडली आहेत. महिन्याचा पहिला पंधरवडा अधिक ज्येष्ठाच्या वद्य पक्षाचा आणि १६ तारखेपासून निज, म्हणजे नेहमीच्या, ज्येष्ठाचा शुद्ध पक्ष, अशी विभागणी असताना दोन्ही भाग एकाच रंगात आणि एकाच जाडीच्या अक्षरांत छापले आहेत. अधिक महिन्याची ओळख म्हणून तिथीच्या आधी फक्त ‘अ.’ आहे, आणि तो इतका बारीक की चष्मा लावूनही टिंब कोणते आणि अक्षर कोणते हे कळत नाही. ‘निज’ हा शब्द तर कोठेच नाही. परिणामी ३१ मेच्या चौकटीत प्रथमदर्शनी ‘ज्येष्ठ पौर्णिमा’ एवढेच दिसते. वटपौर्णिमा २९ जूनला आहे, पण घाईत पाहणाऱ्या सुवासिनीने मेअखेरीसच वडाची तयारी केली तर दोष तिचा म्हणता येणार नाही. फिकट रंगाचा एक पट्टा पार्श्वभूमीला टाकला असता तरी काम भागले असते, आणि चार रंगांत छापलेल्या दिनदर्शिकेला त्याचा वेगळा खर्चही आला नसता. शिवाय गणित कोणत्या पंचांगावरून घेतले, हे कोठेही नमूद केलेले नाही. टिळक पंचांगाचे अयनांश, म्हणजे राशींचा आरंभ कोठून धरायचा याचे माप, वेगळे असल्यामुळे काही वर्षी त्यातला अधिक महिना इतर पंचांगांशी जुळत नाही, हे ठाऊक असलेला वाचक आधाराचा उल्लेख आधी शोधतो.

आता या दिनदर्शिकेच्या खऱ्या भांडवलाकडे वळतो. मुंबईच्या वेळा छापलेली दिनदर्शिका सांगलीत लावली, की संकष्टीला चंद्र कोष्टकाच्या आधीच उगवलेला असतो. सांगली मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ पावणेदोन अंशांवर आहे, आणि अंशाला चार मिनिटे या हिशेबाने सूर्य-चंद्र आपल्याकडे सुमारे सात मिनिटे लवकर येतात. सांगली दक्षिणेलाही असल्यामुळे हा फरक ऋतूप्रमाणे कमी-अधिक होतो; डिसेंबरात सूर्योदयाला तो दहा मिनिटांच्या वर जातो, सूर्यास्ताला मात्र दोन-चार मिनिटांवर येतो. मोठ्या खपाच्या दिनदर्शिका गावोगावच्या वेळा देतात, परंतु त्या कोष्टकाच्या कोपऱ्यात शोधाव्या लागतात. येथे त्या मथळ्याखाली सरळ समोर आहेत. वर्षातली पहिलीच संकष्टी ६ जानेवारीला, मंगळवारी, म्हणजे अंगारकी आहे, तेव्हा गणपती मंदिरातून दर्शन घेऊन घरी येऊन उपास सोडणाऱ्यांना या कोष्टकाचा उपयोग लगेचच होईल.

ग्रहणांच्या बाबतीत इतकी दक्षता दिसत नाही. ३ मार्चच्या, म्हणजे धुळवडीच्या, चौकटीत ‘खग्रास चंद्रग्रहण’ एवढेच छापले आहे. खग्रास अवस्था आपल्याकडे चंद्रोदयापूर्वीच संपते. सांगलीत चंद्र ग्रस्तोदित, म्हणजे ग्रहण लागलेलाच, उगवेल तेव्हा ग्रहण सुटायला जेमतेम काही मिनिटे उरलेली असतील, आणि क्षितिजावर धूर-धूळ असेल तर तेवढेही दिसणार नाही. सांगलीच्या चंद्रोदयाचे कोष्टक छापणाऱ्यांना हे एका ओळीत सांगणे अवघड नव्हते. २८ ऑगस्टच्या राखी पौर्णिमेलाही खंडग्रास चंद्रग्रहण आहे, पण ते आपल्याकडे दिवसा होत असल्यामुळे दिसणार नाही. तेथे मात्र ‘भारतात दिसणार नाही’ असे स्पष्ट लिहिले आहे, आणि त्या सकाळी मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांना उत्तर म्हणून बहिणींना ते दाखवता येईल.

स्थानिक सण-उत्सवांची निवड जाणकाराने केलेली आहे. पुण्या-मुंबईच्या दिनदर्शिकांत पोळ्याला बैलाचे चित्र असते आणि बेंदूर एका बारीक ओळीत उरकलेला असतो. येथे ज्येष्ठ पौर्णिमेचा कर्नाटकी बेंदूर आणि पुढे आषाढातला महाराष्ट्रीय बेंदूर दोन्ही ठळक आहेत, आणि बैलाचे चित्र योग्य जागी आले आहे. १७ ऑगस्टच्या नागपंचमीला बत्तीस शिराळ्याचा, १५ सप्टेंबरच्या ऋषिपंचमीला तासगावच्या रथोत्सवाचा आणि १८ सप्टेंबरला सांगली संस्थानच्या गणपतीच्या विसर्जनाचा उल्लेख आहे. पावसाची नक्षत्रे त्यांच्या वाहनांसह दिली आहेत. ही नक्षत्रे सूर्यावर अवलंबून असल्यामुळे अधिक महिन्याने हलत नाहीत. म्हणून मृग नेहमीप्रमाणे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्याच्या सांध्यावर निघते, पण ते अधिक ज्येष्ठातच. ही खुलाशाची ओळ शेतकऱ्याला कदाचित नको असेल, पण सणावरून पेरणीचा अंदाज बांधणाऱ्या शहरातल्या नातेवाइकांना हवी होती.

भिंतीवरची दिनदर्शिका वाचण्याइतकीच लिहिण्यासाठीही असते. दुधाचा खाडा, गॅस लावल्याची तारीख, कामवालीची सुट्टी, भिशीचा नंबर, हे सगळे त्याच चौकटीत मावायला हवे. येथे तारखेचा आकडा मोठा ठेवून उजवीकडे उभी जागा मोकळी सोडली आहे आणि सकाळ-संध्याकाळच्या दुधासाठी दोन बारीक चौकोन छापले आहेत. ही कल्पना उत्तम आहे. परंतु कागद गुळगुळीत घेतल्यामुळे बॉलपेन त्यावर घसरते आणि शाईच्या पेनाने लिहिले तर बोट लागताच फरफटते. शिसपेन चालते. वरची पत्र्याची पट्टी पातळ आहे, तिची धार बोटाला लागेल अशी आहे, आणि पंख्याखाली पाने फडफडली की कडीजवळचा कागद फाटायला सुरुवात होते. सहा पाने पाठपोट छापण्याऐवजी बारा स्वतंत्र पाने दिली आहेत, त्यामुळे महिना उलटला की पान फाडता येते. मात्र मागचा मजकूरही त्याच्याबरोबर जातो.

मागच्या मजकुराबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. राशिभविष्य, दोन पाककृती, मोडी लिपीतली एक ओळ वाचण्याचे कोडे. कोडे चांगले आहे.

सुट्ट्या तांबड्या रंगात, बँकांचे दुसरे आणि चौथे शनिवार फिकट निळ्या चौकोनात, ही पद्धत स्वच्छ आहे. सुट्ट्यांच्या दृष्टीने वर्ष मात्र चिक्कू आहे आणि त्याला दिनदर्शिका काही करू शकत नाही: महाशिवरात्र आणि लक्ष्मीपूजन रविवारी, महाराष्ट्र दिन आणि बुद्ध पौर्णिमा दोन्ही १ मेला, स्वातंत्र्य दिन शनिवारी. दिवाळीत लक्ष्मीपूजन ८ ला आणि पाडवा १० नोव्हेंबरला असल्यामुळे मधला सोमवार सणाविना आहे; संपादकांनी तो काळाच ठेवला आहे, नोकरदार त्याचे काय करायचे ते करतील. मकर संक्रांत १४ जानेवारीला षट्तिला एकादशीच्याच दिवशी आली आहे, तेव्हा उपास करणाऱ्यांच्या गुळाच्या पोळीचे काय, याबद्दल जानेवारीचे पान मौन बाळगते.

ज्यांना वर्षभर वाचायला मजकूर हवा आहे त्यांनी १९७३ पासून घराघरांत असलेले कालनिर्णय घ्यावे, आणि ज्यांना मुहूर्ताचा सूक्ष्म विचार करायचा आहे त्यांना सोलापूरच्या दाते पंचांगाला पर्याय नाही. सांगली, मिरज, तासगाव, ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) या पट्ट्यातल्या घराला मात्र दुधाच्या हिशेबासाठी आणि संकष्टीच्या चंद्रासाठी मी हीच दिनदर्शिका घेण्यास सांगेन. कराडकरांना आणि सातारकरांना वेळांत साधारण चार मिनिटांपलीकडे फरक पडणार नाही. घेताना गुंडाळी दुकानातच उलगडून जूनचे पान पाहावे, कारण काही प्रतींत तांबडा रंग किंचित सरकलेला असून रविवारचे आकडे दुहेरी दिसतात, आणि दुकानदार अशी प्रत लगेच बदलून देतात. घरी आल्यावर १ ते १५ जून या चौकटींवर शिसपेनाने ‘अधिक’ असे मोठ्या अक्षरांत लिहून टाकावे, आणि ३१ मेच्या चौकटीवर तर आधी.