किड्स, टीनएजर्स, यूथ की यंग पीपल? इंग्रजीत लिहिताना कुठला शब्द घ्यायचा

भाच्याने इंग्लंडमधल्या लीड्सहून त्याचा अर्ज वाचायला पाठवला होता. तिथल्या एका क्लबला वीकेंडला बॅडमिंटन शिकवायला कुणीतरी हवं होतं आणि याने पुण्यात दोन वर्षं सोसायटीतल्या पोरांना शिकवलंय, तेच त्याने लिहिलं होतं, 'आय हॅव कोच्ड मेनी यूथ्स'. व्याकरण बरोबर, स्पेलिंग बरोबर, पण मी तिथेच अडकले. आपल्याला मराठीत 'पोरं' म्हटलं की काम होतं, आठवीतली पण पोरं आणि हॉस्टेलवरची पण पोरंच, फार तर बातमीत आली की त्यांचे 'युवक' होतात (आणि पक्षात गेली की चाळिशी उलटली तरी युवा नेतेच राहतात). इंग्रजीत मात्र वयापेक्षा कोण बोलतंय आणि कुणापुढे बोलतंय हे जास्त बघावं लागतं.

'यूथ' पासूनच सुरू करते कारण आपली सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. 'द यूथ ऑफ इंडिया' म्हणजे सगळी तरुण पिढी, हे ठीक, भाषणात शोभतं. यूथ क्लब, यूथ हॉस्टेल, यूथ टीम, इथे तो दुसऱ्या शब्दाला चिकटून येतो तेव्हाही काही अडचण नाही. पण 'अ यूथ' असं एकट्याला म्हटलं की डोळ्यासमोर बहुतेक वेळा मुलगाच येतो, मुलगी नाही, आणि ब्रिटिश पेपरात 'यूथ्स' आले की पुढे काच फोडली किंवा बसस्टॉपवर राडा केला असंच काहीतरी वाचायची तयारी ठेवायची. आपल्या इंग्रजी पेपरांत 'टू यूथ्स ड्राउन' सर्रास असतं, तिथे फक्त 'दोन तरुण' एवढाच अर्थ, त्यामुळे आपल्या कानाला तो शब्द साधा वाटतो आणि आपण तोच उचलून अर्जात टाकतो. बरं वयाचा हिशोब पण एक नाही, युनोच्या आकडेवारीत यूथ म्हणजे १५ ते २४ आणि आपल्या २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणात १५ ते २९.

त्याच्या जागी 'यंग पीपल' घ्या. ब्रिटनमध्ये कौन्सिल, शाळा, सोशल वर्कर, क्लब सगळे हाच शब्द वापरतात, मुलगा-मुलगी दोन्ही आले, कुणाला हिणवल्यासारखं होत नाही. थोडा सरकारी वासाचा आहे हे मान्य, घरी कुणी 'माय यंग पीपल आर हंग्री' म्हणत नाही.

घरी काय म्हणतात तर 'किड्स'. मूळ अर्थ करडू, शेळीचं. अमेरिकेत तर कॉलेजातल्या वीस वर्षांच्या घोड्यांनाही 'कॉलेज किड्स' म्हणतात, प्रेमाने. बोलताना, मित्राला मेल लिहिताना, बिनधास्त वापरा. पण सोळा वर्षांच्या मुलीच्या तोंडावर 'यू किड्स' म्हणून बघा, ती जे तोंड करेल ते आपल्याकडे दहावीतल्या पोरीला 'बाळ' म्हटल्यावर होतं तेच.

'टीनएजर' त्यामानाने सरळ. थर्टीन ते नाइन्टीन, ज्या आकड्यांच्या शेवटी टीन येतं ते, म्हणजे अकरा-बाराची मुलं यात बसत नाहीत, त्यांना हल्ली 'ट्वीन' म्हणतात. शब्द तसा नवाच, १९४० च्या दशकात अमेरिकेत रुळला. अर्जात, लेखात, गप्पांत, तिन्हीकडे चालतो. फक्त एक करू नका, 'इन माय टीनएज' असं लिहू नका, आपल्याकडे भले भले लिहितात. 'इन माय टीन्स' किंवा 'ॲज अ टीनएजर'. टीनएज हे तिकडे विशेषण म्हणून लागतं, टीनएज गर्ल्स वगैरे. आणि एकोणीस वर्षांचा हिशोबाने टीनएजर असला तरी नोकरीच्या अर्जात त्याला तसं म्हणू नका, अठराला तो कायद्याने मोठा झालेला असतो.

'यंगस्टर्स' हा आपला लाडका. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'ऑल यंगस्टर्स प्लीज कम फॉर डेकोरेशन' आल्याशिवाय गणपती बसत नाही. पण हा शब्द वापरला की बोलणाऱ्याचे केस पांढरे दिसतात. शिवाय तिकडे तो सात-आठ वर्षांच्या मुलांनाही लावतात, त्यामुळे कॉलेजच्या पोरांसाठी नकोच. क्रिकेट कॉमेंट्रीत मस्त वाटतो, तिथेच राहू दे.

बाकीचे पटकन. 'अडोलसंट' डॉक्टरांचा शब्द, जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वयाला म्हणते, आणि मोठ्या माणसाच्या वागण्याला लावला तर ती शिवी, पोरकटपणा. 'मायनर' म्हणजे अल्पवयीन, कायद्याच्या कागदावरच. 'जुव्हेनाइल' तर लांबच ठेवा, लगेच पोलीस डोळ्यासमोर येतात. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या इंग्रजी नावात तो अजून आहे, पण आतमध्ये 'चाइल्ड इन कॉन्फ्लिक्ट विथ लॉ' असं केलंय. 'यंग ॲडल्ट' पुस्तकाच्या दुकानात बारा-तेरापासून सुरू होतो आणि दवाखान्यात साधारण अठरानंतर, त्यामुळे तो वापरलात तर शेजारी वय लिहा.

खरं तर वय लिहिणं सगळ्यातच बरं पडतं. भाच्याला मी एवढंच विचारलं, तुझी ती पोरं नक्की केवढी होती रे? तो म्हणाला, "मावशी, सगळी बारा ते सोळा, आणि त्यात पाच मुली." म्हणजे यूथ्स तर गेलाच, आणि बारावाले असल्यामुळे टीनएजर्स पण गेला. शेवटी 'यंग पीपल एज्ड १२ टू १६' असं लिहून पाठवलं. मला मात्र त्याने मेसेजमध्ये लिहिलं, 'थँक्स, द किड्स मिस मी'.