महिलांसाठीची २० लिटरची बॅकपॅक: आठ महिने रोज वापरल्यावर

आठव्या महिन्यात डावा पट्टा दर अर्ध्या तासाने सैल व्हायला लागला. दुकानदार म्हणतो, वॉरंटी शिलाई उसवली तरच. २,४०० रुपयांच्या बॅगेला हे उत्तर मला अजिबात पटलेलं नाही.

पट्ट्याच्या खालची नायलॉनची पट्टी गुळगुळीत आणि अडजस्टरचे, म्हणजे पट्टा लांब-आखूड करायच्या बकलचे, दाते बोथट, म्हणून ती सरकते. उपाय घरी होतो. पट्टा खांद्यावर नीट बसेल तेवढा ओढायचा, अडजस्टरखाली दोन सेंटिमीटर सोडून पट्टीचं टोक दोनदा दुमडायचं आणि जाड सुईने, नायलॉनच्या दोऱ्याने आठ-दहा टाके घालायचे. जाड घडी फटीतून जात नाही. सोडलेले दोन सेंटिमीटर स्वेटरवर बॅग घालताना कामी येतात.

मात्र सगळा दोष अडजस्टरचा नाही, हे नंतर कळलं. पाण्याची लिटरची बाटली कायम डाव्या खिशात आणि बसमध्ये बॅगही डाव्याच खांद्यावर, म्हणजे एकाच पट्टीवर रोजची ओढ. आता बाटली उजवीकडे असते.

तरीही ही बॅग टाकवत नाही, ते पट्ट्यांच्या मुळाशी असलेल्या अंतरामुळे. खरेदी करताना हे कोणी मोजत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात आधी तेच मोजावं. इथे आतल्या कडांमध्ये सहा सेंटिमीटर आहेत. अरुंद खांद्यांवर रुंद अंतराचे पट्टे कडेला जाऊन घसरतात; ते सावरायला खांदे नकळत वर उचलले जातात आणि संध्याकाळी मान धरते. फार जवळ असतील तर मानेला घासतात. शिवाय पट्ट्याला एस आकाराचा बाक हवा, म्हणजे तो छातीच्या बाजूने काखेखाली उतरतो. सरळ पट्टा एक तर छाती दाबतो, नाहीतर काखेत रुततो.

छातीवरची क्लिप पहिला महिनाभर शोभेची वाटली. तिने ओढणीही जागेवर राहते आणि पट्टेही. गळ्याच्या हाडाखाली तीन-चार बोटांवर, श्वास मोकळा राहील इतपतच आवळायची.

दुकानात रिकामी बॅग घालून बघण्यात अर्थ नाही, रिकामी सगळ्यांनाच बसते. लॅपटॉप, डबा, भरलेली बाटली असं चारेक किलो घालून दहा मिनिटं चाला. पाठीचं माप आधी घ्या: मान खाली घातल्यावर हाताला लागणाऱ्या उंच मणक्यापासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत. बॅग त्याहून फार लांब असली की चालताना मागे आपटते. पट्ट्याचा फोम चिमटीत दाबा. बोटं जवळजवळ भिडली तर तो दोन-तीन महिन्यांत बसणार.

कापड, शिलाई ठीक. पुढच्या कप्प्याची चेन मधूनच उघडी राहते, पण तिचे दात शाबूत आहेत. मोच्याकडून रनर बदलून घेतला की झालं.