गालिच्यावरचे फर्निचरचे डाग: स्पिरिट, लिंबूसत्त्व की पेरॉक्साइड?

सोफ्याचा पाय हलवल्यावर खाली दिसणारा तपकिरी ठसा नेहमी एकाच जातीचा नसतो. त्यामुळे आधी डाग ओळखा, बाटली नंतर उघडा. चुकीच्या उपायाने काही डाग उलट पक्के होतात.

लोखंडी पायाखालची नारिंगी कडी म्हणजे गंज. लाकडी पायाखाली लालसर-तपकिरी ठसा असेल, आणि त्यातही गालिचा धुऊन पुरता वाळायच्या आत सामान परत ठेवलेले असेल, तर तो लाकडाचा रंग किंवा लाकडातले टॅनिन (ओलाव्यात उतरणारे तपकिरी द्रव्य). शंका असल्यास पांढऱ्या फडक्यावर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन डागावर अर्धा मिनिट दाबा. फडक्याला तपकिरी रंग आला तर तो गंज नव्हे, लाकडाचा रंग.

लाकडाच्या रंगासाठी पहिली पसंती याच अल्कोहोलला. ते थेट गालिच्यावर ओतू नका. पुष्कळ गालिच्यांच्या पाठीला लेटेक्सचा गोंद असतो, तो मऊ पडून थर सुटतो. फडक्यावर घ्या, कडेकडून मध्याकडे टिपत जा, फडक्याची घडी सतत बदला. चोळले की लव विस्कटते आणि रंग पसरतो. खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळपास ज्योत नको.

भांड्यांचा लिक्विड साबण (एक कप कोमट पाण्यात पाव चमचा) त्यामानाने सौम्य. पॉलिशचा तेलकटपणा तो काढतो, मुरलेला रंग क्वचितच. साबण जास्त झाला तर चिकट अंश राहतो आणि महिन्याभरात तिथेच धूळ बसून नवा काळपट डाग तयार होतो. म्हणून साध्या पाण्याने दोनदा टिपणे टाळू नका.

एवढे करूनही फिकट छटा उरली, तर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. डाग ओलसर करा, वर प्लॅस्टिक झाका, अर्ध्या तासाने पाहा. इथे धोका खरा आहे: पेरॉक्साइड डागाबरोबर गालिच्याचा रंगही उडवू शकते, आणि उडालेला रंग परत येत नाही. कपाटामागच्या कोपऱ्यात आधी चाचणी घ्या. लोकर आणि रेशमावर घरी हा प्रयोग न केलेलाच बरा.

धागा लोकरीचा की कृत्रिम, हे कळत नसेल तर कडेचा एक धागा उपटून चिमट्यात धरून जाळा. जळक्या केसांचा वास आणि चुरडली जाणारी राख म्हणजे लोकर. वितळून कडक गोळी झाली तर कृत्रिम.

गंजावर मात्र अल्कोहोल, साबण, पेरॉक्साइड तिन्ही वाया. तिथे आम्ल लागते: एक कप पाण्यात एक चमचा लिंबूसत्त्व, १० ते १५ मिनिटे, मग भरपूर पाण्याने टिपणे. फिकट झाला तर पुन्हा एकदा. क्लोरीनचा ब्लीच गंज काढत नाही, उलट बसवतो. लोकर तर त्यात विरघळते. शिवाय ब्लीच आणि लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. एका उपायानंतर दुसरा करायचा असेल तर मध्ये पाण्याने टिपून जागा वाळू द्या.

पायाच्या रबराखालचा पिवळा डाग या स्पर्धेत नाहीच. रबरातल्या रसायनांनी धाग्याचाच रंग बदललेला असतो, तो धुऊन निघत नाही. सोफा चार बोटे सरकवा, नाहीतर तेवढा तुकडा बदलून घ्या.

डाग गेल्यासारखा वाटून दुसऱ्या दिवशी परत आला, तर तळाशी राहिलेले द्रव वाळताना लवेच्या टोकापर्यंत चढले आहे. शेवटच्या टिपण्यानंतर जागेवर कोऱ्या पांढऱ्या टॉवेलची जाड घडी ठेवून वर जड पातेले रात्रभर ठेवा. वर येणारा रंग टॉवेल पिईल. गालिचा खालपासून कोरडा होईपर्यंत फर्निचरच्या पायांखाली अॅल्युमिनियम फॉइलचे चौकोन असू द्या.