कुंडीत ट्यूलिप लावू की ग्लॅडिओलस?

साताऱ्यातल्या आमच्या शेजारच्या वहिनींनी दसरा झाल्यावर विचारलं, गच्चीवरच्या कुंड्यांत कोणते कंद लावू? पाकिटावरचे फोटो बाजूला ठेवूनच सांगते.

कळीचा मुद्दा थंडी. ट्यूलिपचा दांडा नीट वर यायला साधारण १२ ते १६ आठवडे ९ अंशांखालची थंडी लागते. आपल्याकडे पहाटे गारठा असला तरी दुपारी ऊन तापतंच. म्हणजे कंद आधी फ्रिजमध्ये ठेवायचे, तेही सफरचंद-केळ्यांपासून लांब. पिकत्या फळांतल्या इथिलीन वायूनं आतली कळी मरते. ग्लॅडिओलसला हे काहीच नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये १० सेंटिमीटर खोल लावला की साधारण तीन महिन्यांत फुलतो. उंच तुऱ्याला काठीचा आधार तेवढा द्या.

खर्चातही तसंच. ट्यूलिपचा कंद आपल्या हवेत एकदा फुलला की संपला, दरवर्षी नवा घ्यायचा. ग्लॅडिओलसचे कंद पानं पिवळी पडल्यावर काढून, सावलीत सुकवून पुन्हा लावता येतात, शिवाय पिल्लंही मिळतात.

पाणी साचलं तर दोन्ही कुजतात.

एका हंगामाची हौस असेल आणि फ्रिजमध्ये जागा असेल, तर चार ट्यूलिप जरूर लावा. दरवर्षी कुंड्या फुललेल्या हव्या असतील, पहिल्यांदाच कंद लावत असाल, तर ग्लॅडिओलसच. वहिनींना मी तोच घ्यायला लावला.